कोऱ्या कागदावरचा डोंगर

दरवर्षी एकदा तरी मी पॉल सेझानच्या एका जलरंगचित्राची छापील प्रत वर्गातल्या फळ्याला टाचतो आणि काही न बोलता बसून राहतो. पाच-सात मिनिटं अशीच जातात. कुणी जांभई देतं, कुणी चुळबुळ करतं. मग मागच्या बाकावरून प्रश्न येतो, "सर, हे पुरं झालंय का?"

मी याच प्रश्नाची वाट पाहत असतो. गेल्या शंभराहून अधिक वर्षांत सेझानच्या उत्तरकालीन जलरंगांवर जे लिहिलं गेलं, त्यातलं निम्मं तरी याच प्रश्नाभोवती फिरतं. फक्त शब्द जड होतात. तेव्हा हे पुस्तक हातात घेतलेल्या वाचकाला चित्र पाहताना हा प्रश्न पडला, तर त्याने ओशाळू नये. या अभ्यासाच्या दारातून आत येणारा प्रत्येक जण इथेच अडखळला आहे.

मी टाचतो ते चित्र न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहातलं. काळ १९०२ ते १९०६. माध्यम कागदावर पेन्सिल आणि जलरंग. आकार सुमारे ४३ बाय ५४ सेंटिमीटर, म्हणजे दोन्ही हातांत सहज धरता येईल एवढा. खालच्या भागात झाडं-झुडपं आणि मैदान आहे असं आपण म्हणतो खरं, पण दिसतात ते हिरव्या, निळ्या, पिवळसर रंगांचे लहान-मोठे तुकडे, एकमेकांवर थोडे थोडे चढलेले. त्यांच्यावर डोंगर. त्याची कड एका रेघेत सापडत नाही. निळ्या रंगाच्या तुटक रेषा एकमेकींच्या शेजारून जातात आणि त्यांतली नेमकी कोणती डोंगराची, हे चित्रकाराने ठरवून टाकलेलं नाही. आणि सगळीकडे कागद. झाडांच्या मध्ये कागद, उतारावर कागद, आभाळात कागद.

डोंगराचं नाव सँत-व्हिक्त्वार. दक्षिण फ्रान्समध्ये, प्रोव्हाँस प्रांतातल्या एक्स या गावाच्या पूर्वेला पसरलेली ही चुनखडकाची रांग. सर्वांत उंच टोक १०११ मीटर. आकडा ऐकून सह्याद्रीत भटकणाऱ्या मराठी माणसाला विशेष काही वाटणार नाही, कळसूबाई याहून सहाशे मीटरांनी उंच आहे. पण एक्सच्या बाजूने, म्हणजे पश्चिमेकडून पाहिलं तर या रांगेचं फक्त टोक समोर येतं आणि सपाट मैदानातून एकच एक त्रिकोण वर उठल्यासारखा दिसतो. शिवाय चुनखडक फिकट असतो. आपला काळा बेसॉल्ट उजेड पिऊन टाकतो, हा दगड तो परत फेकतो. सकाळी तो करडा, दुपारी जवळजवळ पांढरा, संध्याकाळी गुलाबी. पांढऱ्या कागदावर पांढरा डोंगर कसा काढायचा, ही अडचण सेझानपुढे त्या दगडानेच उभी केली होती.

सेझान एक्सचाच. जन्म १८३९चा. वडील टोप्यांच्या व्यापारातून सावकारीत आणि तिथून बँकेत गेलेले. बालमित्र एमिल झोला, पुढे मोठा कादंबरीकार झालेला. हा डोंगर दोघांच्या पोरवयातल्या भटकंतीतला. १८७० च्या सुमाराच्या एका तैलचित्रात तो रेल्वेसाठी खोदलेल्या खिंडीच्या मागे दिसतो. १८७८ साली झोलाला लिहिलेल्या पत्रात सेझान, आगगाडीतून जाताना दिसलेल्या याच डोंगराचं, चित्राचा विषय म्हणून कौतुक करतो. एक्सहून मार्सेयला जाणारा तो लोहमार्ग तेव्हा नुकताच सुरू झाला होता. म्हणजे ज्याला आपण सनातन, अचल वगैरे म्हणतो तो हा डोंगर चित्रकाराला एकदा धावत्या डब्याच्या खिडकीतूनही भेटला होता. मला ही गोष्ट फार आवडते.

पण या पुस्तकाचा विषय आहे शेवटची चार-पाच वर्षं. १८९९ मध्ये वडिलोपार्जित झा द बुफाँ ही वाडी विकावी लागली. १९०१ मध्ये सेझानने गावाच्या उत्तरेला ले लोव्ह नावाच्या टेकडीवर जागा घेतली आणि १९०२ पासून तिथल्या नव्या स्टुडिओत काम सुरू केलं. स्टुडिओपासून थोडं वर चढलं की झाडी संपते आणि समोर सगळं मैदान आणि त्याच्या टोकाला डोंगर. इथून त्याने दहा-अकरा तैलचित्रं केली आणि त्याखेरीज जलरंगांची मालिकाच. आयुष्यभरातली या डोंगराची सगळी चित्रं मोजली, तर संख्या ऐंशीच्या आसपास जाते, आणि त्यांत तैलरंगांपेक्षा जलरंगांचा वाटा मोठा आहे.

वय साठीच्या पुढे, मधुमेह जडलेला, ऊन सोसत नाही. अशा माणसाला जलरंगांची पेटी सोयीची, हे सरळ कारण आहेच. काही अभ्यासक तेवढ्यावर थांबतात. मला ते पुरेसं वाटत नाही. सोयीसाठी हातात घेतलेलं साधन माणसाला काय शिकवतं, हे पाहायला हवं.

त्यासाठी आधी त्याची काम करण्याची रीत समजून घेऊ. १९०४ साली एमिल बर्नार हा तरुण चित्रकार त्याच्या सहवासात राहून गेला. त्याने सेझानला डोंगरासमोर जलरंग वापरताना पाहिलं आणि पुढे ते लिहून ठेवलं. त्याच्या सांगण्याचा गाभा असा, की सेझान सावलीपासून सुरुवात करी. सावलीत रंगाचा एक पट्टा. त्याच्यावर थोडा मोठा, पहिल्याच्या बाहेर जाणारा दुसरा. मग तिसरा. पारदर्शक पडद्यांसारखे हे पट्टे एकावर एक येत आणि त्यांच्यातूनच वस्तूला रंग आणि घडण दोन्ही एकदम मिळत. आधी रेखाटन, मग छाया, मग रंग अशी शाळेतली पायरी तिथे नव्हती.

ज्याने जलरंग हाताळले आहेत त्याच्या लक्षात इथे एक गोष्ट लगेच येईल, जी ग्रंथालयात बसून लिहिणाऱ्यांच्या नजरेतून बरेचदा निसटते. ओल्यावर ओला रंग टाकला की तो पसरतो, दोन्ही मिसळतात, कडा मऊ होतात. सेझानच्या पट्ट्यांच्या कडा शाबूत आहेत. हिरव्याखालचा निळा स्वच्छ दिसतो, चिखल झालेला नाही. याचा अर्थ एकच. पहिला पट्टा वाळेपर्यंत त्याने त्यावर दुसरा लावला नाही. प्रोव्हाँसच्या कोरड्या हवेत तो लवकर वाळत असेल, पण वाट पाहणं चुकलं नाही. एका चित्रात असे शेकडो पट्टे. म्हणजे या कागदावर रंग जितका आहे, तितकंच थांबणं आहे. ब्रश हवेत धरून, डोंगराकडे पाहत थांबणं.

माझं या प्रस्तावनेतलं म्हणणं एवढंच आहे: ही चित्रं जागेची म्हणून वाचण्याआधी वेळेची म्हणून वाचा. कोणता पट्टा आधी, कोणता नंतर, पेन्सिलीची रेघ रंगाच्या खाली आहे की वाळलेल्या रंगावरून पुन्हा ओढली आहे, हे शोधा. बऱ्याच कागदांवर ती दोन्हीकडे आहे. म्हणजे त्याने रेघ मारली, रंग लावला, पुन्हा वर पाहिलं, डोंगर थोडा वेगळा दिसला, पुन्हा रेघ मारली. मघाशी ज्या तुटक निळ्या कडा पाहिल्या, त्यांचंही असंच. त्यांतली एकही चूक नाही. प्रत्येक रेघ एकेका पाहण्याची नोंद आहे. सप्टेंबर १९०६ मध्ये मुलाला लिहिलेल्या पत्रात सेझान म्हणतो, की एकाच जागेवरून, नुसतं थोडं उजवीकडे किंवा डावीकडे झुकून, महिनोन्महिने पुरतील इतके विषय त्याला दिसतात. त्याच पत्रात, निसर्गासमोर दृष्टी स्वच्छ होत चालली आहे पण जे जाणवतं त्याची तीव्रता गाठता येत नाही, अशी खंतही आहे.

आता कोऱ्या कागदाकडे. इथे मराठी वाचकाची एक सोय आहे आणि एक अडचण, आणि दोन्ही एकाच ठिकाणाहून येतात.

आपल्याकडे पारदर्शक जलरंगाची परंपरा घट्ट आहे. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये आणि कोल्हापुरात ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. आबालाल रहिमान, सावळाराम हळदणकर ही नावं चित्रकलेच्या विद्यार्थ्याला शिकवावी लागत नाहीत. या परंपरेत वाढलेल्याला पांढरा रंग म्हणजे कागद, हे पहिल्या वर्षीच कळतं. माझे एक शिक्षक लँडस्केपला नेताना पेटीतली पांढऱ्या रंगाची ट्यूब काढून स्वतःच्या खिशात टाकत आणि म्हणत, "उजेड विकत मिळत नाही, राखावा लागतो." देवळाच्या पायरीवरचं ऊन, ओल्या रस्त्यावरची चमक, धोतराची कड यांसाठी कागद राखायचा. म्हणून सेझानचा कागद पाहून आपण बिचकत नाही. ही झाली सोय.

अडचण अशी, की आपल्या सवयीत राखलेला कागद म्हणजे कुठल्यातरी वस्तूवर पडलेला उजेड असतो. पायरीचा, पाण्याचा, भिंतीचा. सेझानच्या या चित्रांत तसा हिशेब लागत नाही. डोंगराच्या उतारावर कागद सोडलाय, तिथे ऊन आहे म्हणावं, तर आभाळातही तसाच सोडलाय, आणि दाट झाडीतही. मग तो उजेड आहे, हवा आहे, अंतर आहे की नुसता न लावलेला रंग? बर्नारलाच लिहिलेल्या एका पत्रात, निसर्गात वृत्तचिती, गोल आणि शंकू पाहा असं सांगणारं त्याचं प्रसिद्ध वाक्य आहे. ते सगळ्यांना माहीत असतं. त्याच पत्रात पुढे तो म्हणतो, की हवा जाणवावी यासाठी चित्रात पुरेसा निळा रंग आणायला हवा. ते फारसं कुणी सांगत नाही. उत्तरकालीन जलरंगांत निळा जागोजाग आहे, पण त्याच्याइतकंच हवेचं काम कागदानेही उचललं आहे. तैलरंगात जे निळ्याने साधायचं, ते इथे काही न लावता साधता येतं, हे त्याला माध्यमाने शिकवलं असं मला वाटतं. आणि मग शेवटच्या तैलचित्रांतही कॅनव्हास उघडा राहू लागतो. जलरंग हा तैलचित्राचा कच्चा खर्डा, ही समजूत इथे उलटी होते. शिकवण जलरंगाकडून तैलरंगाकडे गेली.

तर मग हे चित्र पुरं झालंय का? माझं उत्तर असं की, ते कुठल्याही क्षणी थांबवता येईल असं घडवलेलं आहे. पहिले दहा पट्टे पडल्यावरही कागदाचा तोल साधलेला असतो, शंभराव्या पट्ट्यानंतरही. पुऱ्या-अपुऱ्याची मोजपट्टी त्याला लागत नाही. या पुस्तकातल्या दोन लेखकांना हे मत मान्य नाही आणि त्यांनी आपला विरोध जोरात मांडला आहे. वाचकाने निवाडा करावा.

समकालीन चित्रकारांना मात्र शंका नव्हती. १८९५ मध्ये पॅरिसला आम्ब्र्वाज व्होलार या विक्रेत्याने सेझानचं पहिलं मोठं प्रदर्शन भरवलं, तेव्हा पेअरच्या फळांचं एक लहानसं जलरंगचित्र देगास आणि रन्वार दोघांनाही हवं होतं. शेवटी चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या आणि ते देगासकडे गेलं. १९०५ मध्ये व्होलारने फक्त जलरंगांचं प्रदर्शन मांडलं. १९११ मध्ये आल्फ्रेड स्टिगलिट्झच्या न्यूयॉर्कमधल्या छोट्या दालनात सेझानचं अमेरिकेतलं पहिलं एकल प्रदर्शन झालं, तेही जलरंगांचंच.

अभ्यासाची रीतसर सुरुवात त्यानंतरची. १९३६ मध्ये लिओनेल्लो व्हेन्तुरीने सेझानच्या सगळ्या कामाची पहिली सूची छापली. जॉन रेवाल्डची केवळ जलरंगांची सूची १९८३ची, आणि तिच्यात सहाशेंहून अधिक चित्रं आहेत. आजही कुणी काही लिहायला बसलं की आधी रेवाल्ड काढतो. पण नव्या अभ्यासकाने एक सावधगिरी बाळगावी. सेझान चित्रांवर सहसा तारीख घालत नसे, सहीही क्वचितच करी. सूचीत छापलेलं "१९०२–०६" हे कागदावरून वाचलेलं नसून शैलीवरून लावलेलं अनुमान आहे. काही अनुमानांमागे भक्कम आधार आहे, उदाहरणार्थ ले लोव्हवरून दिसणारा देखावा १९०१ च्या आधीचा असण्याची शक्यता कमी. पण "शैली मोकळी, म्हणून चित्र उशिराचं" आणि मग "चित्र उशिराचं, म्हणून उत्तरकाळी शैली मोकळी झाली" अशी गोल गोल फिरणारी वाक्यं नामवंतांच्या लेखनातही सापडतात. ती पकडणं हे या क्षेत्रातलं पहिलं आणि फार मजेचं काम आहे.

दुसरी सावधगिरी कागदाविषयी. आज दिसतो तो कागद सेझानने पाहिलेला असेलच असं नाही. उजेडाने कागद पिवळा पडतो आणि काही रंग उडून जातात. म्हणूनच संग्रहालयं अशी चित्रं अंधारात ठेवतात आणि काढली तरी साधारण ५० लक्स इतक्या मंद उजेडात, थोड्या महिन्यांसाठी. ज्याच्या चित्रांत कोरा कागद म्हणजेच प्रोव्हाँसचं ऊन, त्याची चित्रं आपल्याला संध्याकाळ झाल्यासारख्या खोलीत पाहावी लागतात. याला इलाज नाही. पण पांढऱ्याविषयी लिहिताना ते लक्षात ठेवावं. आणि छापील प्रतीत तर पांढरा हा छापखान्याच्या कागदाचा पांढरा असतो, माझ्या फळ्यावरच्या प्रतीतसुद्धा.

तत्त्वज्ञांनी सेझानवर फार लिहिलं. मोरिस मेर्लो-पाँतीचा १९४५चा निबंध वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये, पण तो चित्रं पाहिल्यावर वाचावा, आधी नव्हे. आधी वाचला तर प्रत्येक पट्ट्यात तत्त्वज्ञान दिसू लागतं. कवी रिल्केने १९०७ मध्ये, सेझानच्या मृत्यूनंतरच्या वर्षी पॅरिसला भरलेलं प्रदर्शन दिवसामागून दिवस पाहिलं आणि पत्नीला त्याविषयी पत्रं लिहिली. मला तो जास्त जवळचा वाटतो, कारण तो पुन्हा पुन्हा जाऊन पाहतो. सेझानला लावली जाणारी घनवादाचा जनक ही बिरुदावली मात्र मी शक्य तितकी टाळतो. मुलांनी पुढे काय केलं यावरून बापाचं चरित्र लिहू नये.

आपल्याकडे सेझान कसा पोहोचला, याची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. सय्यद हैदर रझा नागपूरच्या कलाशाळेत आणि मग जे. जे. मध्ये शिकले. मुंबईच्या रस्त्यांची, पावसाची त्यांची सुरुवातीची जलरंगचित्रं ओली, वाहती, मोहक आहेत. १९४८ मध्ये ते काश्मीरला गेले होते. तिथे त्यांची चित्रं पाहून छायाचित्रकार आँरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी त्यांना बजावलं, की गुण आहेत पण चित्राला बांधणी नाही, सेझानचा अभ्यास करा. रझा हा प्रसंग पुढे आयुष्यभर सांगत राहिले. १९५० मध्ये ते फ्रान्सला गेले आणि साठ वर्षं तिथलेच झाले. बांधणी म्हणजे काय, हे त्यांनी त्यानंतरच्या चित्रांत शोधलं. गंमत अशी, की जलरंगात वाढलेल्या या तरुणाला तो सल्ला मिळाला तेव्हा सेझानची मूळ जलरंगचित्रं पाहायची मुंबईत काहीच सोय नव्हती. पुस्तकांतली चित्रं होती. आजही मराठी विद्यार्थ्याची परिस्थिती बरीचशी तशीच आहे, आणि हे पुस्तक मराठीत आणण्याचं एक कारण तेच.

शेवटची हकीकत बहुतेकांना ठाऊक असते. १५ ऑक्टोबर १९०६ रोजी बाहेर काम करत असताना सेझान वादळी पावसात सापडला, भिजला, कोसळला. धोब्याच्या गाडीतून त्याला घरी आणलं. दुसऱ्या दिवशी तो उठून पुन्हा बागेत माळ्याचं चित्र करायला गेला. आठवड्याभरात तो गेला, वयाच्या ६७ व्या वर्षी. या हकीकतीचं भांडवल करून प्रत्येक उत्तरकालीन चित्राला निरोपाचं चित्र ठरवणारे लेख पुष्कळ आहेत. या संग्रहात तसला लेख घेतलेला नाही.

पुढची पानं उलटण्याआधी एक विनंती. जाडसर कागदाचा एक तुकडा घ्या. पेटीतून फक्त निळा, हिरवा आणि पिवळा काढा. खिडकीतून जे दिसतं त्यातली सर्वांत गडद सावली शोधा आणि तिथे एकच पट्टा लावा. तो पुरता वाळेपर्यंत ब्रश खाली ठेवा, खिडकीबाहेर पाहत राहा. मग दुसरा. असे दहा पट्टे झाले की पहिल्या लेखाकडे या.